१९७१ ची एमजी बी रोडस्टर: आधी खाली वाकून सिल बघा, मग पैशाचं बोला

हा रिव्ह्यू एमजी बी चा आहे, हेक्टरवाल्या एमजीचा नाही. बिल्ला तोच अष्टकोनी, नावही तेच मॉरिस गॅराजेस, पण आजची हेक्टर गुजरातेत हालोलला बनते आणि माझी गाडी बनली १९७१ साली ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला, आणि तो कारखाना १९८० मध्येच बंद पडला. मी इथे इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये बरीच वर्षं आहे, टप काढून फिरायची जुनी दोन सीटर घ्यायचं डोक्यात कधीपासून होतं, आता घेऊन, फाडून, परत जोडून झाली आणि ओळखीतले चार जण सारखे विचारतायत की कितीला पडली, त्रास किती, आम्ही घ्यावी का. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो. घाईत असाल तर एवढंच वाचा: गाडी घ्या, पण इंजिनचा आवाज ऐकून किंवा रंगाची चमक बघून घेऊ नका, पत्रा बघून घ्या, कारण या गाडीत पत्रा सोडून बाकी सगळं स्वस्त आहे.

आधी हीच का ते सांगतो. जुनी स्पोर्ट्स कार म्हटलं की लोकांना जॅग्वारची ई-टाईप आठवते, पण तिच्या किमतीत इथे गावाकडे घराचं डाऊन पेमेंट होईल. एमजी बी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनली, पाच लाखांच्या वर, आणि त्यातल्या बऱ्याचशा अमेरिकेला गेल्या. एवढ्या बनल्यामुळे आज तिचा नटसुद्धा मिळत नाही असं होत नाही. दाराचं रबर, डॅशबोर्डचं बटण, गिअरबॉक्सचं बेअरिंग, काय हवं ते सांगा, दोन दिवसांत घरी येतं. इतकंच काय, अख्खी बॉडी नवीन मिळते! ब्रिटिश मोटर हेरिटेज नावाची कंपनी १९८८ पासून जुने मूळ डाय (पत्रा दाबायचे साचे) वापरून नवीन बॉडीशेल बनवते, ऑक्सफर्डशायरमध्येच, आता विटनीला. अर्थात त्याची किंमत दहा हजार पौंडाच्या वरच जाते, त्यामुळे तो मार्ग ज्याची गाडी खरंच संपलीय त्याने घ्यावा. क्लबही जोरात आहेत, एमजी कार क्लब १९३० पासूनचा, एमजी ओनर्स क्लब १९७३ चा, कुठलाही फालतू प्रश्न विचारा, कोणीतरी रिटायर्ड आजोबा दोन पानी उत्तर लिहून पाठवतात आणि वर विचारतात झालं का काम.

आणि आपल्या लोकांसाठी एक खास गोष्ट. हिचं इंजिन आपल्या अँबॅसिडरच्या इंजिनाचं चुलत भावंड आहे. गंमत नाही करत. बीएमसीचं (म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी सिरीज इंजिन, अँबॅसिडरमध्ये अनेक वर्षं होतं ते १४८९ सीसीचं, हिच्यात तेच वाढवून १७९८ सीसी केलेलं, दोन एसयू कार्बोरेटर लावून, साधारण ९५ हॉर्सपॉवर. माझ्या मामाकडे कोल्हापुरात टॅक्सी पासिंगची अँबॅसिडर होती, त्यांना व्हिडिओ कॉलवर बोनेट उघडून दाखवलं तर चष्मा वर करून म्हणाले, "अरे हे तर आपलंच की, टॅपेटचा आवाज येतोय, सेट करून घे." आणि खरंच येत होता. ओतीव लोखंडाचं ब्लॉक, हेडही लोखंडाचं, पुशरॉड, साधं सरळ, काहीही बिघडलं तरी कशामुळे बिघडलं ते कळतं. फक्त एक, पाने सगळे इंची लागतात, मिलिमीटरचा सेट काही कामाचा नाही, तो बाजूला ठेवा.

आता मुद्द्याचं. एमजी बी ला चासी नाही, म्हणजे वेगळी अशी नाही, बॉडी हीच चासी. टप नसलेल्या गाडीत मग सगळा जोर कोण घेतं? दाराखालचं सिल. आणि हे सिल म्हणजे एक पत्रा नव्हे, बाहेरचं सिल, आतलं सिल, मधे उभा पडदा आणि खालून एक कॅसल रेल म्हणून नागमोडी पट्टी, असे थर मिळून एक पेटी तयार होते. या पेटीत चिखल जातो कुठून तर पुढच्या चाकामागे विंगच्या (चाकावरच्या मडगार्डच्या) आत एक छोटा पत्रा असतो, त्याच्या कडेला रबर, ते रबर पन्नास वर्षांत सडतं आणि चाकाने उडवलेला चिखल-मीठ (इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात हे विसरू नका) बरोबर सिलच्या टोकावर जाऊन बसतं आणि आतून खायला लागतं. बाहेरून काही दिसत नाही. बाहेरून रंग चकाचक.

त्यामुळे गाडी बघायला गेलात की हे करा. दार बंद करा, दाराच्या मागची फट बघा, वरपासून खालपर्यंत एकसारखी पाहिजे, वर बारीक आणि खाली मोठी असं असेल तर गाडी मधे बसलीय. मग मालकाला विचारून सिलच्या जॅकिंग पॉईंटला जॅक लावा, एक चाक उचलेपर्यंत, आणि त्या फटीत बोट ठेवून ठेवा. चांगल्या गाडीत फट जागची हलत नाही. सडलेल्या गाडीत ती बदलताना बोटाला कळते, दार उघडायला गेलात तर अडकतं. आणि जॅक लावतानाच कर्रर्र आवाज करून आत शिरायला लागला तर चहा पिऊन घरी जा. मालक जॅक लावू देत नसेल तरीही घरी जा, त्यानेच उत्तर दिलंय.

मग गुडघ्यावर बसून खालून कॅसल रेल बघा. त्याची नागमोडी कड दिसली पाहिजे. दिसत नसेल, म्हणजे सपाट पत्रा दिसतोय किंवा काळा डांबरासारखा लेप फासलाय, तर कोणीतरी जुन्या सडक्या सिलवर नवीन सिलचं झाकण चिकटवलंय. हा इथला सगळ्यात जुना धंदा. सिल व्यवस्थित बदलायचं तर पुढच्या आणि मागच्या विंगचा खालचा भाग कापावा लागतो, कारण सिल त्यांच्या खालून जातं, ते कष्ट नकोत म्हणून मधलाच दिसणारा तुकडा वरून वेल्ड करतात, लांबी (म्हणजे पुटी) भरतात, रंग मारतात, झाली "फुल्ली रिस्टोअर्ड". मी एक लाल गाडी बघायला गेलो होतो, विकणारा चांगला कोटबिट घातलेला, क्रोम असं की तोंड बघून घ्यावं, इंजिन पहिल्या सेल्फला चालू, आणि लोहचुंबक घेऊन मी सिलवर फिरवत गेलो तर मागच्या चाकाजवळ हातभर जागेत चुंबक चिकटेचना, नुसती लांबी. वर हा मला म्हणतो फायबर असेल हो तिथे. फायबर! तिची मागत होता १४ हजार. नाव घेत नाही, पण असले बरेच भेटतील. (चुंबकाचं एक मात्र ध्यानात ठेवा, सुरुवातीच्या गाड्यांची बोनेटं ॲल्युमिनियमची होती, तिथे चिकटलं नाही तर घाबरू नका.)

बाकी बघायची ठिकाणं म्हणजे सीटच्या मागे बॅटऱ्यांचे डबे, मागचे पाटे जिथे बॉडीला बसतात ती जागा, पायाखालचा पत्रा, आणि दारावर छोट्या तिकोनी काचेच्या बुडाशी पत्र्याला जाणारी चीर, ती तर जवळजवळ सगळ्यांना जाते.

मी शेवटी घेतली ती दिसायला अगदीच भिकार होती, कोणीतरी कधीतरी ब्रशने मारल्यासारखा निळा रंग, सीट फाटलेल्या, पण मालकाने स्वतःच सांगितलं की सिल गेलंय, हे बघ इथे, इथे आणि इथे. म्हणजे काय बिघडलंय ते माहीत होतं. ६,५०० पौंडाला. घेण्याआधी गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून हेरिटेज सर्टिफिकेट मागवलं, हे प्रत्येकाने करावं, कारखान्याच्या मूळ रजिस्टरमधून गाडी कधी बनली, कुठल्या देशासाठी, कुठला रंग, इंजिन नंबर काय ते सगळं लिहून देतात. त्यात निघालं की गाडी मूळची ब्रॉन्झ यलो, आपला हळदीचा पिवळा म्हणा ना. बायको म्हणाली लालच कर, पिवळी म्हणजे रिक्षा वाटेल. मी पिवळीच केली.

पत्राकामाला मी गाडी एका छोट्या वर्कशॉपला दिली, कारण वेल्डिंग मला येत नाही आणि या गाडीवर शिकायची इच्छाही नव्हती. इथे एक गोष्ट स्वतः डोळ्यांनी बघा म्हणजे बघाच: सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी दांडी वेल्ड करून बॉडी जखडून घेतली पाहिजे आणि गाडी चाकांवर किंवा जिगवर (बॉडी धरून ठेवायच्या सांगाड्यावर) सरळ ठेवून एका वेळी एकच बाजू कापायची. तसं न करता कापली तर बॉडी मधून वाकते आणि मग नव्या सिलसकट वाकडीच जोडली जाते, पुढे आयुष्यभर दार लागत नाही. माझ्या माणसाने दर टप्प्याला दारं लावून फटी मोजल्या, आत पडदा बसवताना मला बोलावून दाखवलं, सगळं आतून झिंक प्रायमर. इथे मजुरी तासाला ६०-७० पौंड, त्यामुळे दोन्ही सिल, पायाखालचे पत्रे, पुढच्या विंगांचे खालचे तुकडे मिळून साडेसात हजार झाले. महाग वाटतं, पण काम दृष्ट लागावं असं. रंगवाला दुसरा होता, त्याचं मात्र नाव काढू नका. पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात करत सगळा उन्हाळा घालवला, उन्हाळ्यातच चालवायची असते ना ही गाडी, आणि रंग दिला तो डाव्या दारावर संत्र्याच्या सालीसारखा, परत घासून मारून घ्यावा लागला. रंगकामाला १ स्टार.

रंगानंतर पोकळ्यांमध्ये मेण मारून घ्या, कॅव्हिटी वॅक्स म्हणतात, बारीक नळीने सिलच्या आत फवारतात. शंभरभर पौंडाचं काम आणि त्याच्यावर कंजूषपणा करणारी माणसं मी पाहिलीत.

मेकॅनिकल काम मी घरी केलं, आणि खरी मजा तिथे आहे. हेड उतरवून मशीन शॉपला दिलं, एक्झॉस्ट व्हॉल्व्हना कडक सीट बसवून घेतल्या, कारण ही इंजिनं शिश्याच्या पेट्रोलवर चालायची आणि ते इथे २००० च्या सुरुवातीला बंद झालं, साध्या सीट हायवेला जोरात चालवलं की झिजतात. पेट्रोलच्या रबरी नळ्या सगळ्या बदला, २०२१ पासून इथे साधं पेट्रोल ई-१० झालंय, दहा टक्के इथेनॉल, ते जुनं रबर खातं. मी सुपर अनलेडेडच टाकतो, पंपावर ई-५ लिहिलेलं असतं ते. ऑइल २०डब्ल्यू५०. गरम झाल्यावर चालत्या गाडीत ऑइल प्रेशर ५० च्या वर असेल तर बॉटम एंडला, म्हणजे खालच्या क्रँक-बेअरिंगला, हात लावू नका, माझं ६० आलं, मी तसंच ठेवलं. क्लचप्लेट मात्र इंजिन बाहेर असतानाच बदला, कारण हिचा गिअरबॉक्स इंजिनासकटच निघतो, नंतर क्लच गेला तर परत सगळं उतरवा.

एसयू कार्बोरेटरला लोक उगाच घाबरतात. आत एक पिस्टन असतो, हवा ओढली गेली की तो वर सरकतो, त्याच्या बुडाला निमुळती सुई, ती जेटमधून जितकी वर येईल तितकं पेट्रोल जास्त. संपलं. वरच्या टोपीत थोडं ऑइल घालायचं असतं, त्याने पिस्टन एकदम उडत नाही आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर मिक्श्चर क्षणभर जाड होतं. हे ऑइल आटलं की गाडी दाबल्यावर खोकते आणि लोक नवीन कार्बोरेटर घ्यायला धावतात! दोन्ही कार्ब एकसारखे ओढतायत का ते बघायला मी साधी रबरी नळी वापरली, एक टोक कानाला, दुसरं आधी एका कार्बच्या तोंडाशी मग दुसऱ्याच्या, फस्स आवाज दोन्हीकडे सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. मग पिस्टन बाजूच्या पिनने किंचित वर उचलायचा, इंजिन वाढून वाढतच राहिलं तर मिक्श्चर जाड, बंद पडायला लागलं तर पातळ, किंचित वाढून स्थिर झालं की जमलं. माझ्या डाव्या शेजाऱ्याला आता या आवाजाची सवय झालीय.

वायरिंगबद्दल लुकासचे (या गाड्यांचं इलेक्ट्रिक सामान बनवणारी कंपनी) विनोद सगळ्यांनी ऐकलेच असतील, अंधाराचा राजपुत्र वगैरे, पण माझा अनुभव असा की नव्वद टक्के दोष कनेक्टरच्या गंजाचा आणि अर्थिंग नीट न बसल्याचा. माझ्या सालच्या गाडीत सीटमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या येतात, त्या काढून बारा व्होल्टची एक बसवली, बरीच माणसं तेच करतात. पुढच्या किंगपिनला (पुढचं चाक ज्याच्यावर वळतं ती उभी पिन) दर तीन हजार मैलांना ग्रीस मारायचं, हे आधीच्या मालकांनी मारलेलं नसतंच, चाक उचलून वर-खाली हलवून बघा, खडखड आली की किंगपिन गेले समजा.

चालवायला कशी? वेगवान नाही, आधीच सांगतो. शून्य ते साठ मैलाला बारा सेकंदाच्या आसपास, आजची कुठलीही हॅचबॅक सिग्नलवरून पुढे जाते. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही, ब्रेक आधीपासून विचार करून मारावे लागतात, पाऊस आला की कापडी हूडच्या कोपऱ्यातून बरोबर उजव्या मांडीवर थेंब पडतो, तो अजून थांबलेला नाही. पण बूड रस्त्यापासून वीतभर वर, समोर लांब बोनेट, तिसऱ्या गिअरवर वळणातून बाहेर पडताना जो भर्रर्र आवाज येतो त्यासाठी माणूस हे सगळं करतो. कॉट्सवोल्ड्सच्या अरुंद रस्त्यांवर चाळीसच्या स्पीडला जी मजा आहे ती माझ्या ऑफिसच्या गाडीत नव्वदलाही नाही (नव्वदला जात नाही हो, लिमिट सत्तर आहे). ओव्हरड्राइव्ह असलेलीच गाडी घ्या. लेकॉकचं युनिट, स्विच दाबला की चौथ्याच्या वरचा जणू पाचवा गिअर, मोटरवेवर सत्तरला इंजिन चार हजाराच्या जवळ किंचाळत असतं ते तीन हजारांच्या थोडं वर येऊन बसतं, कानाला आणि पेट्रोलला दोन्हीला बरं.

एक तक्रार, आणि ही गाडीची नाही, आजच्या पार्ट्सची. मिळतं सगळं, पण टिकतं सगळं असं नाही. नवीन रबरी बूट वर्षात फुटले, डिस्ट्रिब्युटरचा नवीन रोटर आर्म असा निघाला की गाडी गरम झाली की बंद, आणि मी इंधनात शोधत बसलो. जुना मूळ पार्ट ठीक असेल तर फेकू नका, साफ करून परत लावा. नवीन म्हणजे चांगलं हा हिशोब इथे चालत नाही.

पैशाचा एकूण आकडा: गाडी, पत्रा, रंग, हेड, सीट, हूड, टायर, किरकोळ (किरकोळच जास्त होतं) धरून बावीस हजारांच्या आसपास. अशीच तयार गाडी बाजारात पंधराला मिळते. म्हणजे गुंतवणूक बिंवतणूक काही नाही, कोणी सांगितलं की क्लासिक कारमध्ये पैसे वाढतात तर त्याला एमजी बी दाखवा. चालवायचा खर्च मात्र कमी. चाळीस वर्षांवरची गाडी असल्याने रोड टॅक्स शून्य, एमओटी, म्हणजे इथली वार्षिक फिटनेस तपासणी, सक्तीची नाही (मी तरी करून घेतो, पन्नास वर्षांच्या गाडीचे ब्रेक कोणीतरी परक्याने तपासलेले बरे), लंडनच्या युलेझमधूनही (धुराच्या गाड्यांवर रोजचा दंडवजा कर लावणारा झोन) सूट. इन्शुरन्स अ‍ॅग्रीड व्हॅल्यूवर घ्या, म्हणजे गाडीची किंमत आधीच ठरवून, नाहीतर उद्या ठोकली तर जुनी गाडी म्हणून काहीही हातावर ठेवतील.

कुठली घ्यावी विचाराल तर क्रोम बंपरवाली रोडस्टर दिसायला सगळ्यात सुंदर आणि म्हणून महाग. १९७४ च्या शेवटापासून अमेरिकन नियमांमुळे काळे रबराचे बंपर आले आणि गाडीची उंची पण वाढवली, त्यामुळे ती वळणात जरा डुलते, लोक नाकं मुरडतात, पण त्याच पैशात पत्रा कितीतरी चांगला मिळतो. आणि खरं शहाणपण करायचं असेल तर जीटी घ्या, टपवाली, टपाची रेषा पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीची, डिकी मोठी, पाऊस बाहेरच राहतो, टपामुळे बॉडीही ताठ, आणि रोडस्टरपेक्षा स्वस्त. मी का नाही घेतली? मला टप नको होता, दुसरं काही कारण नाही. अमेरिकेतल्या कोरड्या भागातून परत आणलेल्या गाड्याही येतात, वायपर तीन दिसले की समजायचं अमेरिकावाली, पत्रा चांगला पण स्टिअरिंग डावीकडे, ते बदलायचा खर्च धरा.

पुण्याहून एकाने विचारलंय की भारतात न्यायला जमेल का. जुन्या गाडीच्या आयातीवरची ड्यूटी गाडीच्या किमतीच्याही वर जाते, तेव्हा भावनेच्या भरात कंटेनर बुक करू नका. आपल्याकडेच कागदपत्रांसकट एखादी मिळाली तर ते बघा, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ च्या नियमानुसार व्हीए सिरीजचा वेगळा नंबर मिळतो, नवीन नोंदणीला २०,००० रुपये फी, फक्त रोजच्या वापराला ती चालत नाही. इंजिनचं काम करणारा अँबॅसिडरवाला जुना फिटर अजून सापडतो, दोन एसयू एकत्र लावून देणारा शोधायला वेळ लागेल. पार्ट इथूनच मागवावे लागतील, तेव्हा ऑर्डर द्यायच्या आधी कस्टमचा हिशोब करून घ्या.